शेवट न सांगणारे चाचा

सिनेमाचा शेवट काय, हे मशीनवाल्या चाचांना विचारायची सोय नव्हती. ओतूरच्या बाजारात तंबू लागला की मशीन तेच चालवायचे, संवाद सगळे तोंडपाठ. पण शेवट विचारला की, "तंबूत या, पावणं," एवढंच म्हणून विडी शिलगावायचे.

आधी असं नव्हतं हो. मूळचे जुन्नरचे, बिऱ्हाड आमच्या शेजारी. रीळ तुटलं की जोडेपर्यंत भोंग्यावरून पुढची गोष्ट स्वतःच सांगत. आम्हा बायकांना तर सिनेमापेक्षा तेच गोड वाटे.

एकदा सोन्याच्या चोरट्या व्यापाराचा सिनेमा आला. अगदी स्वस्तातला; चोर पळायचे तीच जीप, पोलीस पाठलागाला तीच. त्यात एक कल्हईवाला सारखा चोरांच्या आसपास घुटमळे. शेवटचं रीळ एसटीनं आलंच नाही. लोक खवळले, तेव्हा चाचांनी भोंगा घेतला न् दिलं ठोकून: कल्हईवालाच टोळीचा म्होरक्या, भांड्याला सोनं लावून वर कल्हई चढवतो, पोलिसांनी घातल्या बेड्या! काय टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

झालं. पिंपरी पेंढारहून बाजाराला येणाऱ्या कल्हईवाल्या मामांना कोणी भांडी देईना. बिचारा पोटापुरता भाता हलवणारा माणूस, चाचांचा चहाचा सोबती. आमच्या सासूबाईंनी दिलेली पातेलीसुद्धा परत आणवली. "गोष्ट मीच रचली," असं चाचा दारोदार सांगत फिरले. लोक हसून म्हणत, दोस्ताला वाचवताय होय!

पुढच्या बाजाराला रीळ आलं. त्यात कल्हईवाला निघाला वेषांतर केलेला पोलीस! ते फुकट दाखवायचं ठरवून चाचा मामांना आणायला स्वतः सायकलवर गेले. घराला कुलूप. बायकापोरांसकट कुठं गेले, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

"पोरी, खरा शेवट समद्यांनी बघितला," चाचा मला म्हणाले. "ज्याला दावायचा, त्योच नव्हता."

पुढं दुसरा कल्हईवाला येऊ लागला. सगळ्यांनी भांडी दिली, आम्हीसुद्धा. चाचांची मात्र कल्हई उडून काळी पडलेली. त्यांच्या बायकोला विचारलं तर म्हणाली, "हात लावू देत न्हाईत. म्हन्तात, मामा आला की करू."

बिनकल्हईच्या भांड्यात अन्न कळकतं, म्हणून त्या घरात मग मडक्यातच शिजायचं. चाचा गेले, त्या दिवशीही चुलीवर मडकंच होतं.