जोगळेकरसाहेबांचं आरोग्यपेय

सरकारी कारखान्यात माल कमी निघतो, किस्से जास्त! आमच्या बंगळूरच्या रंगाच्या कारखान्यातले निम्मे तर कॅन्टीनमध्येच तयार झाले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाहेर गल्लोगल्ली परदेशी कोला आला, आणि नेमके तेव्हाच आमचे वर्क्स मॅनेजर जोगळेकरसाहेब योगशिबिराहून परतले.

आल्या आल्या सर्क्युलर: 'कॅन्टीनमध्ये सोडा, कोला बंद. यापुढे फक्त आरोग्यपेय.'

कॅन्टीन सांभाळणारे मंजुनाथअण्णा मला म्हणाले, "सर, शिबिराला एकटे साहेब गेले, आणि पथ्य सगळ्यांना?"

*

पहिलं आरोग्यपेय म्हणजे ताक. पण आमच्याकडे टाचणीसुद्धा टेंडरशिवाय येत नाही! पर्चेसनं टेंडर काढलं: रंग पांढरा, थंड, मीठ चवीपुरतं. सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळालं. पहिल्याच दिवशी ताकाच्या ग्लासातून पलीकडचा माणूस दिसायला लागला.

साहेब तडकले. कंत्राटदार शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या कागदात दही कुठे लिहिलंय?"

*

मग टेंडर रद्द झालं, पेयं बनवायचं काम अण्णांकडे आलं आणि नाचणीची आंबील सुरू झाली. दिल्लीचे अधिकारी तपासणीला आले तेव्हा कुणीतरी त्यांचा कप आमच्या लॅबच्या टेबलावर, सँपलांच्या रांगेत ठेवला. आमच्या केमिस्ट सुलभाताई शिस्तीच्या. टेबलावरचं सगळं तपासायचं!

रिपोर्ट आला: 'चिकटपणा समाधानकारक. वाळायला वेळ लागतो.'

दिल्लीकरांनी वाचून सही केली!

*

कोकम सरबत आलं तेव्हा युनियनचे शिवण्णा गेटपाशी स्टुलावर भाषणाला उभे राहिले. "सरबत लाल आहे म्हणून पाठिंबा! पण साहेब पाजतात म्हणून निषेध!"

आणि दोन ग्लास पिऊन खाली उतरले.

*

साहेबांना मात्र ही योजना मनापासून सगळ्या युनिट्समध्ये न्यायची होती. हेड ऑफिसनं पुरावा मागितला. सगळ्यांची रक्ततपासणी झाली.

रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन साहेब कॅन्टीनमध्ये आले आणि मटकन बसले. निम्म्या कारखान्याची साखर वाढलेली. साहेबांची सगळ्यांत जास्त!

एकच रिपोर्ट स्वच्छ होता, मंजुनाथअण्णांचा. तो हातात आल्यावर साहेबांच्या जिवात जीव आला.

"अण्णा, अगदी विशीतल्या माणसासारखा रिपोर्ट! हेड ऑफिसला तुमचंच नाव कळवतो. बोला, रोज कुठलं पेय घेता?"

अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले.

"मी कुठलंच घेत नाही, सर. सगळी मीच बनवतो ना!"