चौकशीबाईंचं पुस्तक

टेलिफोन खात्याच्या चौकशी विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. कानाला यंत्र लावून बसायचं आणि लोक विचारतील तो नंबर सांगायचा. निवृत्त झाल्या तरी गल्ली त्यांना चौकशीबाईच म्हणे, आणि त्यांनाही ते आवडे. लग्न केलं नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे थोरली बहीण. ती दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची.

ताई पूर्वी शिवणकाम करायची. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी लांब गेला, गुडघे कुरकुरू लागले, तसं तिनं खाली उतरणंच सोडलं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "खाली काय ठेवलंय माझं?"

एकदा चौकशीबाई तिला मोजे चढवून देत होत्या, तर पायाची नखं वाढून बोटांत रुतलेली दिसली.

"अगं, बोलायचं नाहीस का?"

"बोलून काय होणार? मला वाकता येत नाही. आणि तुझ्या हातात कात्री दिली तर बोटं राहायची नाहीत."

चौकशीबाईंनी फोन फिरवायला सुरुवात केली. दवाखान्यानं हात झटकले. ब्यूटी पार्लरमधली मुलगी नुसतीच हसली. शेवटी कळलं की अगदी मागच्याच गल्लीत एक निवृत्त नर्स राहते आणि घरोघर जाऊन हेच काम करते. ताईची नखं निघाली, पण चौकशीबाईंच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. जन्मभर गावाला नंबर दिले आणि हाकेच्या अंतरावरची बाई आपल्याला माहीत नाही! मग इतर म्हाताऱ्यांनी कुणाला विचारायचं?

तिथून पुस्तकाचं वेड लागलं. आपल्या भागात वयस्कर माणसांच्या उपयोगाचं कोण काय करतं, ते सगळं एका जागी आणायचं. छापायची जबाबदारी वाचनालयातल्या बाईंनी घेतली. चौकशीबाई मात्र ऐकीव काही लिहीत नसत, स्वतः जाऊन बघत. दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या तर तिथल्या सोफ्यात अशा रुतल्या की दोघांनी धरून उठवलं. त्यांनी तिथंच वहीत लिहिलं, 'डॉक्टरांचा हात हलका. सोफ्यावर बसू नये.' डॉक्टरांनी ते वाचलं, पोटभर हसले आणि हातांची लाकडी खुर्ची आणून ठेवली. औषधवाला घरपोच औषधं देई, पण घंटा वाजवून लगेच परत फिरे. "अहो, दारापर्यंत यायला वेळ लागतो आम्हाला," बाईंनी त्याला सांगितलं. तेव्हापासून तो थांबू लागला.

असंच विचारत विचारत त्या एका निवृत्त बस ड्रायव्हरकडे पोचल्या. उकाडा मी म्हणत होता आणि गृहस्थ स्वेटर घालून बसले होते.

"तुम्हाला पुस्तकात काय हवं?" बाईंनी विचारलं.

ड्रायव्हरांनी स्वेटरची कड खाली ओढली. मग म्हणाले, "शर्टाची बटणं लावून देणारं कोणी आहे का?"

"तुटलीत?"

"नाही हो, शाबूत आहेत. माझे हात थरथरतात. बायको लावून द्यायची. लावता लावता दिवसभराच्या सूचनाही द्यायची. ती गेली आणि मी स्वेटरवर आलो. डोक्यातून घातला की झालं."

बाईंकडे याचा नंबर नव्हता. त्यांनी दोन शर्ट मागून घेतले आणि थेट ताईचं घर गाठलं.

"मी काम केव्हाच बंद केलंय," ताई म्हणाली.

"कर कुठं म्हणते? नुसतं बघ."

ताईनं शर्ट मांडीवर पसरला. शिवणींवरून अंगठा फिरवला. कॉलरपाशी थांबली.

"झिजलेली कॉलर उलटवून लावलीय. टाके बघ कसे बसलेत. कुणाचा हात गं?"

"त्यांच्या बायकोचा असेल."

ताई उठली आणि तिनं मशीनवरचं झाकण काढलं. बटणांची काजं बंद केली, बटणं त्यांवर शोभेपुरती टाचली आणि आतून वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. कॉलरला धक्का लावला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीबाई शर्ट आणि ताईचा नंबर देऊन परत आल्या, तोच ड्रायव्हरांचा ताईला फोन आला. "बाई, आरशात बघून आलो. कुणाला कळायचं नाही." मग हळूच म्हणाले, "फक्त काखेत ओढतंय."

"मग माप घ्यावं लागेल. या वर."

"तीन मजले? डॉक्टरांनी जिने बंद केलेत."

ताईनं रिसीव्हरवर हात ठेवला. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "खाली औषधाच्या दुकानात बसायला जागा देतील का?"

औषधवाला हो म्हणाला आणि बुधवारी सकाळी दोघी निघाल्या. ताईच्या हातात कठडा आणि चौकशीबाईंच्या हातात स्टूल. दर वळणावर ते टेकवायचं, ताईनं बसायचं, दोन शिव्या गुडघ्यांना, एक बहिणीला, की पुढच्या पायऱ्या. दुकानात ड्रायव्हर नवा झालेला शर्ट घालून, दाढी करून उभे होते. ताईनं चेहऱ्याआधी शर्ट बघितला.

"खांदे सैल सोडा. बस चालवताय का अजून?"

ड्रायव्हर हसले. ताईही हसली. चौकशीबाईंनी उगाचच औषधांच्या बाटल्या वाचायला घेतल्या.

पुस्तक ठसठशीत अक्षरांत छापून आलं. त्यात ताईच्या कामाचीही नोंद आहे. बुधवारी सकाळी, औषधाच्या दुकानात. वय लिहायचं नाही, या अटीवर ती तयार झाली. तिच्याकडे कुणी गाऊन आणतं, कुणी पँट. काही जण काहीच न आणता येतात आणि बसून राहतात.

काम संपलं की दोघी बहिणी वर निघतात. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी दम खायला थांबतात.

"हे झाड एवढं केव्हा झालं गं?" परवा ताईनं विचारलं.

"होतच होतं की."

ताई तशीच बघत बसली. चौकशीबाईही मग पायरीवर टेकल्या. वर जायची दोघींनाही घाई नव्हती.