हद्दीवरचा देवमासा

माझं शेवटचं पोस्टिंग दक्षिणेकडच्या समुद्रात, गस्ती जहाजावर होतं. मी लाखांदूरचा. आमचा डायव्हर देवानंद पवनीचा, वैनगंगेवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरचा. समुद्रापासून लांबच्या मुलखातल्या आम्हा दोघांना जहाजावरची पोरं 'तळ्यातले बेडूक' म्हणायची. देवानंद हसायचा. "बेडूक त बेडूक. पोहता त येते ना!"

काम ठरलेलं. शेजारच्या देशाची हद्द ओलांडायची नाही, तिकडून कुणाला येऊ द्यायचं नाही.

एका सकाळी लुकआउटने हाक दिली. समोर देवमासा होता. एवढा मोठा जीव मी जन्मात पाहिला नव्हता. जहाजावरून उतरवलेली आमची छोटी बोट त्याच्या बाजूला परातीएवढी दिसत होती. शेपटीला कुणीतरी टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं आवळलं होतं. तो थकला होता आणि प्रवाह त्याला हद्दीकडे नेत होता.

कॅप्टनसाहेबांनी पलीकडच्या जहाजाला रेडिओ लावला.

"देवमासा अडकलाय. आमचा डायव्हर पाण्यात उतरतोय. हद्द ओलांडली जाईल. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग उत्तर आलं, "येऊ द्या. आम्हीही बोट सोडतो. ओव्हर."

मी छोटी बोट जवळ नेली आणि देवानंद पाण्यात उतरला. त्याने आधी देवमाशाच्या अंगावर तळहात टेकवला आणि थांबला. त्या जिवाची धडपड थांबली. त्याचा डोळा माझ्या बोटीकडे वळला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. मग देवानंद जाळं कापू लागला. सुटलेलं जाळं तो डाव्या मनगटाला गुंडाळत होता.

"सोडून दे ना बे!" मी ओरडलो.

त्याने मान हलवली. ढिवर तुटकं जाळं पाण्यात सोडत नाहीत. दुसऱ्या जिवाला फास लागतो.

एक पीळ शेपटीला उरला होता, तेवढ्यात देवमाशाने बुडी मारली. जाळं ताणलं गेलं आणि देवानंद खाली गेला.

देवमासा वर आला तो पलीकडच्या हद्दीत, शेवटचा पीळही सुटून मोकळा. देवानंदला त्यांच्या डायव्हर्सनी वर आणलं. त्यांच्या जहाजाने झेंडा अर्ध्यावर घेतला. मी डेकवर सगळ्यांसमोर रडलो.

सुट्टीत पवनीला गेलो. त्याचे वडील घाटावर बसले होते.

"केवढा होता रे तो मासा?"

"त्या देवळापासून या पायऱ्यायपर्यंत, काका."

"जगला का?"

"जगला. मी मोकळा पोहताना पाह्यलो त्याले."

"अन् जाळं?"

"देवानंदच्या हातातच होतं. सोडलाच नाही तो."

काकांनी वाकून नदीच्या पाण्यावर तळहात टेकवला.

"मीच शिकवलो होतो त्याले," ते म्हणाले.