कारणांचा रकाना

माझ्या थोरल्या साडूंइतका निरुपद्रवी आणि तरीही सगळ्यांना नकोसा झालेला माणूस अख्ख्या शहादा तालुक्यात दुसरा नसेल. दोष एकच, ‘काब्र?’ म्हणजे ‘का?’ विचारण्याचा. डॉक्टरांनी गोळी लिहिली की काब्र, न्हाव्याने कात्री बदलली की काब्र. प्रकाशा गावाहून आलेल्या पाहुण्यांनी साडूंची मुलगी पसंत असल्याचं सांगितलं, तेव्हाही हे हात जोडून म्हणाले, “बरं वाटनं. पन पोर काब्र पसंत पडनी?” पाहुणे चहा अर्धा टाकून उठले.

आम्ही एकाच वीज कार्यालयात; ते ऑपरेटर, मी त्यांच्यावरचा इंजिनिअर. उद्या कुठल्या लाइनवर किती वीज लागेल हे सांगणारी एआय प्रणाली आली आणि साडू हरखून गेले. आकड्याशेजारी ती कारणंही क्रमाने द्यायची: ऊन वाढलंय, केळीचे पंप चालणार, यात्रा आहे. आम्ही आकडा उतरवून घ्यायचो. साडू चष्मा पुसून कारणं वाचायचे, पटलं की पडद्यालाच “बरोबर शे” म्हणायचे. जन्मात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी न चिडता उत्तर देत होतं.

अक्कलकुव्यापलीकडच्या डोंगरातल्या लाइनपुढे मात्र रोज एकच सल्ला यायचा: तुटवडा पडल्यास आधी ही बंद करा. कारण पहिलं: मागचा वापर कमी. एके दिवशी साडू तो कागद घेऊन थेट साहेबांच्या बैठकीत शिरले.

“साहेब, मांगे वापर कमी, काब्र? आपीनच ती लाइन बंद करेल व्हती. वीज दिन्हीच नही तं लोके वापरतीन कशी? तठे दवाखानामा लशी वाया जाई ऱ्हायन्यात. मशीन आपलंच पाप वाची दखाडी ऱ्हायनं!”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “अंदाज बरोबर येतोय ना?”

येतच होता. बंद ठेवलेल्या लाइनवर वापर कमीच भरणार. सगळं कळत असून मी म्हणालो, “हो, सर.”

पुढच्या आठवड्यात पडद्यावरून कारणांचा रकाना काढून टाकला. तसं पत्र मीच तयार केलं. साडूंची रवानगी भंगार मीटरांच्या गोदामात झाली. तिथूनही ते चौकशी करकरून डोंगरातल्या नर्सबाईंना रोज फोन लावत, आज लाइन कधी जाणार ते सांगायला. लशी वेळेवर बर्फात ठेवता याव्यात, एवढ्यासाठी.

ते निवृत्त झाले त्या दिवशी कार्यालयातलं कोणीही गोदामाकडे फिरकलं नाही. मीही नाही. नर्सबाई तेवढ्या जीपने डोंगर उतरून आल्या, सीताफळांची पाटी घेऊन. साडूंनी त्यातली निम्मी आमच्या घरी पाठवली. छान पिकलेली होती. मी एकालाही हात लावला नाही.