अर्धं जावळ

आमच्या घरात एक जुना विनोद आहे. कुणाला शिंक आली, कुणाचं अंग कसकसलं, की कुणीतरी म्हणतं, "मामाला कळवा रे, काढा घेऊन येईल." मग सगळे हसतात. मामा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो समोर असला तर सगळ्यांत आधी तोच हसतो. दहा वर्षं मीही हसत आलो. या विनोदामागं काय आहे ते दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. त्यानं कधी तोंड उघडलं नाही. मी उघडायला हवं होतं.

तेव्हा मी कळंबला शाळेत मास्तर होतो. आदल्याच साली, छप्पन्नला, आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला होता. लग्नाला आठ वर्षं झाली तरी घरात पाळणा नव्हता, आणि आई येईल त्या जोगतिणीला, फकिराला सुनेचा हात दाखवत होती. शेवटी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून वैशाखात मी बायकोला मुरुमला पोचवून आलो, आणि मागोमाग तो ताप आला.

फ्लू हा शब्द आम्ही पहिल्यांदा तेव्हाच ऐकला. बोटीतून आला म्हणत, परदेशातून आला म्हणत. घरटी दोन-तीन माणसं अंथरुणाला लागली. वर्गात बसायच्या निम्म्या पट्ट्या रिकाम्या राहू लागल्या, मग शाळाच बंद झाली. माणसं गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून बाजाराला जायची. आमच्यात आधी आई पडली, मग मी. मुलगा झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी पांघरुणात होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते दारातूनच वाचून दाखवलं. साखरही त्यांनीच वाटली, तीही चारच घरांत. कुणी कुणाच्या हातचं खायला तयार नव्हतं.

आठ दिवसांनी दुसरं कार्ड आलं. बाळंतिणीला पाचव्या दिवशी ताप भरला होता आणि तिची सेवा करणाऱ्या माझ्या सासूबाईही पडल्या होत्या. डॉक्टरनं बाळाला आईच्या श्वासापासून लांब ठेवायला सांगितलं होतं. मग पोराला सांभाळतंय कोण? तर मामा.

वीस वर्षांचा पोरगा. मुरुमच्या बाजारात शिवणकामाचं छोटं दुकान, एक मशीन आणि एक इस्त्री. त्यानं मशीन घरी आणून ओसरीत मांडलं, शेजारी झोळी टांगली, आणि शेळीचं दूध उकळून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायला लागला. गल्लीतली माणसं जाता-येता टोमणे मारायची, "काय बाळंतीणबाई, डिंकाचा लाडू खाल्ला का आज?" तो म्हणायचा, "न्हाय वो, तुमच्याकडून यायचाय." हे मला पुढं बायकोनं सांगितलं. कौतुकानं सांगितलं.

मामा आठवड्याला एक कार्ड टाकायचा. भाचा हसला. भाचा बोट सोडत नाही. मशीन थांबलं की भाचा रडतो, म्हणून कापड नसलं तरी पाय हलवत बसतो. प्रत्येक कार्डात "भाचा". "तुमचा मुलगा" असं कुठंच नाही. आता कळतं, त्याचं बरोबरच होतं, त्याचा तो भाचाच होता. पण तेव्हा मी तो शब्द अंगठ्यानं झाकून कार्ड वाचायचो.

मोटारी सुरळीत झाल्या, माझ्या अंगात जीव आला, तोवर पोर दोन महिन्यांचं झालं होतं. मी मुरुमला गेलो. बायको वाळून काडी झाली होती, पण उठली होती. सासरे ओसरीवर बसले होते. मामा आतून पोराला घेऊन आला. अंगावर चिटाच्या तुकड्यांचं अंगडं, डोक्याला टोपरं, दोन्ही त्यानंच शिवलेलं.

"दाजी, घ्या की. बघा, डोळे अगदी तुमचे हायेत."

माझे हात पुढं झाले होते. सासऱ्यांनी फक्त घसा खाकरला, आणि मी हात मागं घेतले.

"असू दे, असू दे. तुझ्याकडंच बरा हाय."

आमच्याकडं बापानं वडीलधाऱ्यांच्या देखत आपलं मूल उचलायचं नसतं. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आबांनी मला कधी कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही. भाऊ घेईल, मामा घेईल, गल्लीतला कुणीही घेईल. बापानं तेवढं लांबून बघायचं. मी लांबून बघितलं. पोरानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मामाच्या गळ्यात तोंड खुपसलं. सगळे हसले. "बापाला वळखत न्हाय लेकरू," सासूबाई म्हणाल्या. त्या हसण्यात माझाही आवाज होता. पोटात मात्र मिरची वाटल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात कळंबला आणल्यावर पोर झोपेना. मोटारीत बसल्यापासून जो सूर लावला तो तीन दिवस. आई म्हणाली दृष्ट लागली, बायको म्हणाली, "त्याला मशीनचा आवाज लागतोय." एका दुपारी आबा बाजाराला गेले होते, बायका विहिरीवर होत्या. मी झोळीपाशी बसलो आणि फूटपट्टीनं लोखंडी ट्रंकेवर टकटक सुरू केली. पोर गप झालं. मान वळवली. मला वाटलं, माझ्याकडं बघतंय. ते दाराकडं बघत होतं. टकटक चालू होती आणि ते दाराकडंच बघत होतं. मग ओठ काढले आणि असं रडलं की मी पट्टी फेकून दिली. त्या तीन महिन्यांच्या जिवावर मी चिडलो, आणि त्याच्या मामाला मनात नको ते बोललो.

मामा महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. तो दारात दिसला की पोर दोन्ही हात पसरून झेपावायचं. आबा, आई, सगळ्यांसमोर तो त्याला खांद्यावर नाचवायचा, मुके घ्यायचा. कुणी काही म्हणायचं नाही. मी वह्या तपासत बसायचो. त्या दिवसांत मुलांच्या गणितांवर माझ्या लाल शाईच्या रेघा फार जोरात ओढल्या गेल्या.

अकराव्या महिन्यात जावळ काढायचं ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामानं भाच्याला मांडीवर घ्यायचं, न्हाव्यानं केस उतरवायचे, आत्यानं ते ओच्यात झेलायचे. हे ठरताना मी तिथंच बसलो होतो, आणि माझ्या मनात एक गोष्ट आली. मामा आलाच नाही तर? कुणाची तरी मांडी लागणारच. चार माणसांत, आबांच्या देखत, धर्माच्या कामासाठी म्हणून मला माझं पोर मांडीवर घेता येईल. कुणी घसा खाकरणार नाही. मला तेवढंच हवं होतं. एकदा.

मी मामाच्या दुकानाच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं. शाळेत, मधल्या सुट्टीत, चांगल्या वळणदार अक्षरात. इकडे पुन्हा ती साथ आली आहे, घरोघर माणसे पडली आहेत, जावळ पुढे ढकलले आहे, तरी इकडे येण्याची तसदी घेऊ नये. घरी येऊन सांगितलं, मुरुमकडं पुन्हा साथ आहे, मामाला यायला जमणार नाही. गेल्या वर्षीची साथ सगळ्यांनी भोगलेली, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. बायको आठ दिवस नीट जेवली नाही. "माझ्या आईचं काय झालं आसंल वो?" असं ती दिवसातून चारदा विचारायची. मी म्हणायचो, "काही नाही होत."

आई कुरकुरली. "बापाच्या मांडीवर जावळ? लोक हसतील."

"साथीपुढं काय करणार?" मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. "बसू दे त्याला."

मी बसलो. पाटावर, नवं धोतर नेसून, पोराला मांडीवर घेऊन. त्याचं वजन मला पहिल्यांदा नीट कळलं. डोक्याचा वास कळला. न्हावी समोर बसला, वस्तरा पाण्यात बुडवला. पोर रडत होतं, पण मी धरून होतो, आणि आबा समोर बसून बघत होते. त्या घटकेला माझ्याएवढा सुखी माणूस गावात नसेल. खोटं बोलून मिळालेलं सुख गोड लागत नाही म्हणतात. मला लागलं. हेच सांगायची सगळ्यांत लाज वाटते.

निम्मं डोकं झालं होतं. उजवी बाजू गुळगुळीत, डावीकडं कुरळं जावळ तसंच. तेवढ्यात माझी बहीण ओच्यातले केस सावरत म्हणाली, "अगं बाई, हे कोण?"

दारात मामा. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, अशा मोटारी बदलत दीड दिवस प्रवास करून आला होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काढ्याची मोठी बाटली, तोंडाला फडकं बांधलेली. येऊ नका लिहिलं म्हणून तो राहणार नव्हता. साथ आहे म्हटल्यावर तो येणारच होता. गेल्या वर्षी त्यानं काय केलं ते माहीत असून माझ्या मास्तरी डोक्यात ते आलं नव्हतं.

बायको धावत गेली. "तू बरा हैस? आई बरी हाय?"

"आईला काय झालंय? तुमीच..." एवढं बोलून तो थांबला. त्यानं अंगणात बघितलं. पंगतीच्या पत्रावळी, पुरणाचा वास, नटलेल्या बायका. मग माझ्याकडं बघितलं. मी पोराच्या डोक्याकडं बघत होतो.

"आईला जरा सर्दी झालती," तो आक्काला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाला. "आता खडखडीत हाय."

"आणि ही बाटली कशाची रं?" आईनं विचारलं.

"मोटारीत कुणीतरी म्हटलं, कळंबला साथ हाय. म्हटलं उस्मानाबादेत उतरून काढा घ्यावा संगट."

"अन् त्याच्यावर तू इतका घाबरलास!" माझी बहीण हसली. मग सगळे हसले. न्हावीसुद्धा वस्तरा धरून हसला. मामा हसत उभा राहिला. तो विनोद तिथं जन्मला.

पोरानं त्याला बघितलं होतं. ते माझ्या मांडीवरून अर्ध्या डोक्यानिशी त्याच्याकडं झेपावत होतं. आबा म्हणाले, "मामा आला, आता तू ऊठ." मी उठलो. मामा पाटावर बसला, पोर गप झालं, आणि उरलेलं अर्धं जावळ त्याच्या मांडीवर निघालं.

जेवणं झाल्यावर मी परसात हात धूत होतो. तो मागून आला आणि खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"दाजी, हे तुमच्याजवळ ठेवा. आक्काला दिसाया नको. घरी बी कुणाला दावलं न्हाय."

मला वाटलं तो आणखी काही बोलेल. शिवी देईल. तो हात धुऊन आत गेला. त्यानं शिवी दिली असती तर मी त्याचा कमी हेवा केला असता. आता तर त्याच्या चांगुलपणाचाही हेवा वाटायला लागला.

दहा वर्षं ते कार्ड माझ्या ट्रंकेत, शाळेच्या दाखल्यांखाली होतं. ते मी फाडलं नाही आणि दाखवलंही नाही. मामाचं लग्न झालं, दुकान वाढलं, त्याला दोन मुली झाल्या. आमच्याकडं आला की तोच विनोद. मी हसायचो, आणि हसून झाल्यावर त्याच्याकडं बघायचं टाळायचो.

यंदा दिवाळीत तो आला होता. मुलगा आता पाचवीत आहे. मामाला ठसका लागला, तर मुलगा मोठ्यानं म्हणाला, "मामा, काढा आणलाव का? का मोटारीतल्या माणसानं सांगितलं न्हाय?" सगळे हसले. मामाही हसला. पण पोराच्या आवाजात एक कुचकी धार होती, आणि ती धार मी ओळखली. ती माझी होती. त्याला काहीच माहीत नसताना ती त्याच्याकडं माझ्याकडूनच गेली होती. ज्याच्या बोळ्यानं तो जगला, त्याच्यावरच तो हसत होता, आणि हसायला मी शिकवलं होतं.

मी उठलो, ट्रंक उघडली, कार्ड काढून मुलाच्या हातात दिलं.

"वाच. मोठ्यानं."

मामा म्हणाला, "दाजी, कशाला? जाऊ द्या की आता."

"वाचू दे त्याला."

मुलानं वाचलं. शाळेत वाचतो तसं, एका सुरात. "जावळ पुढे ढकलले आहे" इथं तो अडला. बायको चुलीपुढून उठून दारात आली होती.

"पण आण्णा, हे तर तुमचं अक्षर हाय. आणि जावळ तर झालतं की. मामा काढा घेऊन आलता, तवाच ना?"

"व्हय. साथ नव्हती. इकडं बी नव्हती, तिकडं बी नव्हती. मी खोटं लिहिलं होतं."

"का?"

मास्तरकीत हजार मुलांना मी हा प्रश्न विचारला असेल. उत्तर द्यायची पाळी पहिल्यांदा आली.

"तू त्याच्याकडं झेपावायचास," मी म्हणालो. "माझ्याकडं येत नव्हतास."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात तिचे ते आठ उपाशी दिवस होते. ती आत निघून गेली आणि दिवाळी संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मला भोगायलाच हवं होतं.

मुलगा कार्ड घेऊन उभा होता. ते कुणाला परत द्यायचं हे त्याला कळेना. मग त्यानं ते मामाला दिलं आणि तिथंच, मामाच्या मांडीला मांडी लावून बसला. मामानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, उजवीकडून डावीकडं.

आणि सगळं सांगून टाकल्यावर आता लपवू कशाला, तेव्हाही माझ्या पोटात तसंच झालं. मिरची वाटल्यासारखं.