केंद्र पश्चिमेले होतं
आमची कंपनी त्या हिवाळ्यात राजस्थानात फायरिंग रेंजवर होती. मी हवालदार, गाव वलगाव. माझ्या सेक्शनचा नायक शेख रफीक बार्शीटाकळीचा. त्याले गणिताचा भारी नाद.

त्या दिवशी दुसऱ्या युनिटचे मॉर्टर टेकडीमागून मारा करणार होते. आमचं काम डेंजर एरियाबाहेर पहारेकरी उभे करून गुराख्यांले अडवायचं. सकाळी आठला एरियाचा कागद आला. त्यावर वर्तुळाचं समीकरण: x² + y² + 6x − 8y + 16 = 0. एक एकक म्हणजे शंभर मीटर, शून्य म्हणजे आमचा झेंडा, x पूर्वेले अन् y उत्तरेले.

कॅप्टनसाहेबांनी 6 आणि −8 अर्धे केले. नकाशावर केंद्र मांडलं झेंड्याच्या पूर्वेले तीनशे मीटर, दक्षिणेले चारशे. त्रिज्या तीनशे, ती बरोबर होती. रफीकनं हातावरच वर्ग पूर्ण करून पाहिला.

"साब, आधा करके साइन बदलना पड़ता है. सेंटर पश्चिम-उत्तर में है."

"नायक, अपनी पोस्ट पर जाओ."

त्याची पोस्ट वायव्येलेच होती. मले त्याचं गणित पटलं होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. तो गेला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी पहिला बॉम्ब पडला. मारा थांबवायले मी रेडिओवर ओरडलो, "चेक फायर! चेक फायर! हमारा आदमी अंदर है!" दुसरा तोवर सुटला होता, त्यात रफीक मेला.

दुपारी साहेबांनी ते केंद्र खोडलं अन् नवीन मांडलं. मंग इन्क्वायरी बसली. नायक स्वतःच्या मर्जीनं डेंजर एरियात गेला, असं लिहिलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. थू असल्या सहीवर! त्या हाताची मले आजही किळस येते.

रिटायर झाल्यावर अकोल्याले रफीकच्या बहिणीकडे गेलो. नसरीनताई ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. तिनं चहा ठेवला. मी समीकरण लिहून दिलं, सगळं सांगितलं. तिनं ते दोन ओळीत सोडवलं.

"केंद्र उणे तीन, चार. त्रिज्या तीन," ती म्हणाली. "माझा भाऊ बरोबर सांगून राहिला होता. तुमी सही काहून केली?"

"माझी सुभेदारीची फाइल वर गेली होती, ताई."

तिनं माझ्यापुढचा कप उचलला आणि चहा मोरीत ओतून दिला. बरोबर केलं तिनं.

नायक शेख रफीक आपल्या मर्जीनं गेला नाही. आमी पाठवला.