एकाच माणसाचं दोनदा सुतक

माझा थोरला भाऊ फॉरेस्टचा गार्ड दिसला की झाडामागं लपायचा. लाकूडतोडीच्या कामावर त्याची निम्मी वर्षं असं लपण्यातच गेली. तोच मुंबईला जाऊन सिनेमात राजाच्या वसुलीदारावर धावून गेला, हे ऐकून आम्ही आमच्या गुंद गावात पोट धरून हसलो होतो. गणपतीला घरी आला तेव्हा त्यानं अंगणात करूनही दाखवलं, हात वर, छाती पुढं.

"घोळक्यात मीच सगळ्यांच्या म्होरं हाय, आये. तोंड साफ दिसतंय बघ."

मुंबईला परत गेला आणि तापानं गेला. निरोप पोचला तोवर तिकडं सगळं उरकलं होतं. आईला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. घरात त्याचा फोटो नव्हता. आमच्याकडं कुणाचाच नव्हता. आईनं सुतक पाळलं, पण रडली नाही. "त्याला बघितल्याबिगर मी रडायची न्हाई," म्हणाली, आणि विळा घेऊन भात कापायला गेली.

पुढल्या वर्षी खानापूरकडच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं, तो सिनेमा उळवीच्या जत्रेत येतोय. आई आणि मी पहाटेच निघालो. देवाचा रथ हलला, लोक त्यावर केळी फेकायला धावले. आई मात्र सिनेमाच्या तंबूच्या दाराशी ठाण मांडून बसली.

"आये, देवाला तरी हात जोड," मी म्हणाले.

"देव हितंच हाय. त्यो कुठं जातोय?"

तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्याशेजारी एकजण उभा राहून गोष्ट सांगायचा, थोडी मराठीत, थोडी कन्नडात. वसुलीदार घोड्यावरून उतरला. त्यानं एका म्हातारीचं भात पोत्यांसकट उचललं. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. आता घोळका येणार. पडदा एकदम थरथरला आणि वसुलीदार जमिनीवर पडलेलाच दिसला. त्याला कुणी पाडलं, काही कळलं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आई शेवटपर्यंत बघत राहिली.

खेळ संपल्यावर तिनं त्या सांगणाऱ्याला गाठलं. "बाबा, माझा ल्योक हाय त्यात. त्यो कवा येतोय?"

तो ओशाळला. "मावशी, तेवढा भाग कापलाय. लोक वसुलीदारावर धावून जातात, ते बघून इथलेही धावतील अशी सरकारला भीती. मंजुरी देणाऱ्या साहेबानं काढायला लावला."

"कापल्यालं कुठं हाय?"

"जाळून टाकतात म्हणे."

आईनं तिथंच हंबरडा फोडला. गार्डाला भिणाऱ्या माझ्या भावाला अख्खं सरकार भ्यालं, ही खरं तर त्याला सांगून खदखदून हसायची गोष्ट. पण सांगणार कुणाला? त्या न पाहिलेल्या साहेबाचा माझा राग अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली नाही. देवाला हात लावला नाही. शेजारीण डोकावली तेव्हा आई कोपऱ्यात बसली होती, "सुतक हाय," म्हणाली.

"एकाच माणसाचं दोनदा सुतक कुठं असतंय व्हय?"

"पयल्यांदा देवानं न्हेला. आता सरकारनं."

दुपारी शेजारणीच्या घरून आमच्यासाठी भात आला.